घरामागचा दगड

एकतीस वर्षं मी पत्रं लावली.
छाननीच्या लाकडी खणांमध्ये
देश उभा असायचा, चौकोनी,
बोटांना पाठ झालेला.
तीन चार पाच, जैसलमेर.
सात आठ पाच, जोरहाट.
सहा दोन नऊ म्हटलं की संपलाच, पुढे समुद्र.

निवृत्त झाले आणि निघाले,
ही गावं खरीच आहेत का ते बघायला.
जैसलमेरला वाळू दातांत आली.
कन्याकुमारीला एक चप्पल गेली, उजवी.
जोरहाटच्या घाटावर फेरीची वाट बघताना
एका बाईनं तिच्या डब्यातला अर्धा भात मला दिला.
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.
नदीचा फोटो मात्र आहे, भिंतीवर.

आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत
तो काळा कडा, रोजचा.
तीन वाजताच आमचं ऊन खाऊन टाकायचा,
पापड कधी धड वाळू दिले नाहीत.
आम्ही त्याला नुसतं डोंगर म्हणायचो,
शेजाऱ्याच्या कुत्र्याला नुसतं कुत्रा म्हणावं तसं.

मग मंडल्याहून इमरत धुर्वे आला, परीक्षेला.
भाचेसुनेच्या भावाचा वर्गमित्र, असलं काहीतरी नातं.
चार आठ एक, सहा सहा एक, मी म्हटलं.
तो दचकला. त्याच्या गावाला
आकड्यानं हाक मारणारं कुणी
त्याला आजवर भेटलं नव्हतं.

पेपर झाला. गाडी रात्रीची. दिवस मोकळा.
गेटवेला जाऊ? राणीच्या बागेत?
तो खिडकीशी चहा घेऊन उभा.
"मौसी, वो क्या है?"

गिल्बर्ट कोण होता, मला सांगता येईना.
रस्त्याचं नाव तेवढं ठाऊक,
आणि कोपऱ्यावरचा पीठवाला.

दगडातच कोरलेल्या पायऱ्या.
मी गुडघ्यावर हात ठेवून, थांबत थांबत.
तो मात्र कड्याशीच अडकला.
उभे खांब, एकमेकांना घट्ट चिकटलेले,
ओल्या पिठातून कुणी बोटं ओढावीत तसे.
त्यानं तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.
म्हणाला, आमची विहीर ह्यातच खोदलीय.
गुरांची डोण ह्याचीच. आजीचा पाटाही.
सहा कोटी वर्षं, मौसी. सगळा एकाच आगीतला,
थोडा पुढे, थोडा मागे.
तुमच्या खिडकीपासून आमच्या गोठ्यापर्यंत.

तेव्हा पिनकोड नव्हते, मी म्हटलं.
तो हसला नाही.

वर गावदेवी. पुजाऱ्याचा रेडिओ. लिंबाची सावली.
इमरत विचारत राहिला, तो उंच मनोरा कसला,
ती हिरवी पट्टी कुठली, पलीकडे पाणी आहे का?
मी, जिला सगळा देश तोंडपाठ,
पदरानं घाम पुसत म्हणत राहिले,
असेल काहीतरी.

मग मला माझी पिवळी चादर दिसली, दोरीवर.
तिच्या वर माझी खिडकी.
बाहेरून ती कधी बघितलीच नव्हती.
केवढीशी. खिडक्यांच्या रांगांमध्ये एक खण,
आत कुणाचं काय पडलंय
इथून कळू नये असा.
गॅस बंद केला होता का, ते आठवेना.

उतरताना त्यानं एक कपची उचलली होती.
मी ती परत ठेवायला लावली.
सरकारी नोकरीची खोड.
नंतर वाईट वाटलं. नेली असती तरी काय,
दगड दगडाकडेच गेला असता.

रात्री तो गेला. छत्री विसरून.
निकालाचं काही कळलं नाही.

गेल्या मंगळवारी एक पाकीट आलं.
वर लिहिलेलं: मौसी,
काले पत्थर के सामने, अंधेरी,
चार शून्य शून्य, शून्य पाच आठ.
कोण मौसी, कितवा मजला, काही नाही.
तिकीट वाकडं चिकटवलेलं.

नऊ दिवस लागले.
पण पोचलं.